त्या जिन्याकडे परत जा

प्रिय,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. सोबत पाठवलेल्या तीन चित्रांचे फोटो मात्र किती वेळा पाहिले ते मोजलं नाही. पावसात भिजलेला रस्ता आणि त्यावर सांडलेले दिवे, अशी दोन चित्रं आहेत. ती तू कुणाची तरी पाहून केलीस. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, स्वच्छ लागलाय, हात तयार आहे, पण त्या रस्त्यावर तू उभं राहिलेलं दिसत नाही. तिसरं चित्र तुमच्या इमारतीच्या मागच्या जिन्याचं. ते शेवटी संकोचत जोडलंस, 'हे सहज केलं होतं' असं लिहून. त्या जिन्यावर चौथ्या पायरीपाशी सावली निळसर आहे आणि वर जाता जाता ती तपकिरी होत जाते. हे कुणी शिकवू शकत नाही. तिथे बसून पाहणाऱ्यालाच ते दिसतं.

प्रदर्शनात आठ दिवस लोक आले, 'छान आहे' म्हणाले आणि निघून गेले. आता हातात ब्रश घ्यावासा वाटत नाही. आपल्या भागात काढण्यासारखं काही नाही, मोठ्या शहरात जावं का, असं तू विचारलंस. माझं उत्तर एकच आहे. त्या जिन्याकडे परत जा.

मी प्रश्न टाळतेय असं वाटून घेऊ नकोस. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराने 1821 आणि 1822 मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला राहून नुसत्या आभाळाचे कितीतरी अभ्यास केले. तेच आभाळ, पुन्हा पुन्हा. त्यातल्या अनेकांच्या मागे त्याने तारीख, वेळ आणि वारा कुठून वाहतोय ते लिहून ठेवलं. लहानपणापासून पाहिलेल्या नदीकाठाचं त्याचं 'द हे वेन' हे चित्र त्याच 1821 साली लंडनमध्ये मांडलं गेलं आणि विकलं गेलं नाही. 1824 मध्ये पॅरिसच्या सलों या मोठ्या चित्रप्रदर्शनात त्याच चित्राला सुवर्णपदक मिळालं. स्वतःच्या देशातल्या रॉयल अकादमी या कलासंस्थेने त्याला पूर्ण सदस्य करून घेतलं तेव्हा तो 52 वर्षांचा होता. मधल्या काळात त्याला कुणी धीर दिला असेल किंवा नसेल. मला त्या कागदांच्या मागची टिपणं जास्त महत्त्वाची वाटतात. दुसऱ्या दिवशी परत यायला त्याला तेवढं कारण पुरत होतं. काल वारा पश्चिमेचा होता, आज कुठला आहे?

'काढण्यासारखं काही नाही' हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. त्याचा मला राग येतो. त्या जिन्याची तू किती चित्रं केलीस? एक. एका चित्रात जिना संपला? जॉर्जो मोरांदी हा इटालियन चित्रकार जन्मभर बोलोन्या या आपल्या शहरात राहिला आणि त्याच त्या बाटल्या, बरण्या, डबे मांडून चित्रं काढत राहिला. त्यांच्यावर धूळ साचू द्यायचा. त्याच्याजवळ तुझ्यापेक्षा जास्त काय होतं?

परत जा. कागद त्याच आकाराचा घे, बसायची जागा तीच ठेव, वेळ तेवढी बदल. एखाद्या दिवशी गडद आणि फिकट अशा दोनच टोनमध्ये कर. एखाद्या दिवशी नुसतं पाहून घरी ये आणि आठवणीतून काढ. काय विसरलं, तेही पाहून ठेव. पहिल्या तीन-चार चित्रांत तुझी सवयच उतरेल. मग कंटाळा येईल, फार येईल. बहुतेक लोक तिथेच उठतात आणि प्रेरणा संपली म्हणतात. मीही तिथेच उठले होते.

माझी एक भिंत होती. पडकी, तिच्या फटीतून एक झाड वर आलेलं. चोविसाव्या वर्षी मी तिची पाच-सहा चित्रं केली. ती मांडली तेव्हा त्यांच्यापुढे कुणी थांबलं नाही. एका विक्रेत्याने भेट द्यायला चालतील अशी फुलं काढून मागितली. पुढची अकरा वर्षं मी फुलं काढली. घर चालवायचं होतं, त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही. त्या फुलांनी मला ओल्यावर ओला रंग कधी सोडायचा ते शिकवलं, हेही खरंच आहे. पण रोज संध्याकाळी अर्धा तास माझा होता. तो मी थकवा म्हणत घालवला. पुन्हा गेले तेव्हा भिंत पाडलेली होती.

म्हणून आता एकोणीस वर्षं मी माझ्या घराची एकच खिडकी काढतेय. 'पुन्हा तीच?' असं लोक विचारतात. मला ते लागतं. खिडकी मी बदललेली नाही आणि बदलणारही नाही. हा हट्ट असेल तर असू दे, अकरा वर्षं तो नव्हता म्हणून काय झालं ते मी पाहिलंय.

शहरात जायचं तर जरूर जा, मोठ्यांची मूळ चित्रं जवळून बघायला जा. फोटोत रंगाचा थर कळत नाही. पण तिथून काढायला विषय आणू नकोस.

राहिला प्रोत्साहनाचा प्रश्न. त्याची भूक मला माहीत आहे, ती नाकारायला मी सांगणार नाही. माझी एक मैत्रीण महिन्यातून एकदा यायची, बराच वेळ उभी राहायची आणि एखाद्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणायची, 'इथे तू बघायचं थांबलीस.' कौतुक तिने क्वचितच केलं. तरी तिच्या येण्यावर मी पुढचा महिना काढायचे. असं एक माणूस शोध. चित्रकारच हवा असं नाही. तो जिना रोज चढणारं कुणीही चालेल. चित्रं चार-पाच झाली की एकत्र दाखव आणि 'कसं वाटलं' विचारू नकोस. त्याला तोंडावर 'छान' म्हणावंच लागतं. 'हे किती वाजताचं आहे?' एवढंच विचार. त्याने चित्राकडे पाहून बरोबर वेळ सांगितली, तर त्या दिवशी तुला झोप लागणार नाही. चुकला, तर कुठे जायचं ते तुला ठाऊक आहे.

दुसरं चित्र झालं की फोटो पाठव. मागच्या बाजूचाही.

तुझी,
खिडकीवाली मावशी