इटलीत १९७० च्या आसपासची अल्फा रोमिओ कूपे घ्यायची आहे. काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त तूरीनला राहता, ३५ हजार युरोंपर्यंत जुनी इटालियन स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, मनात अल्फा रोमिओची ती बेर्तोने कूपे (बेर्तोने ही गाड्यांचे सांगाडे घडवणारी इटालियन कंपनी) भरली आहे. घेताना काय बघायचं, मिल्ले मिल्यात, म्हणजे इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या प्रसिद्ध फेरीत, उतरता येईल का, आणि परतताना गाडी पुण्याला नेता येईल का?

पहिली जुनी गाडी म्हणून निवड उत्तम आहे. १९६३ साली जुलिया स्प्रिंट जीटी या नावाने ही कूपे आली. बेर्तोनेकडे असताना जोर्जेत्तो जुजारोने तिचं रेखाटन केलं. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्टचं इंजिन, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, हे सगळं त्या काळात या किमतीच्या गाडीत क्वचितच मिळायचं. आज महत्त्वाचं म्हणजे तिचे जवळपास सगळे सुटे भाग नवे मिळतात, अगदी पत्र्याचे पॅनेलसुद्धा. त्याच पैशांत फेरारीचा विचारही करू नका. गाडी जेमतेम परवडली तरी पहिल्या मोठ्या कामाला हात टेकाल.

इंजिनं चार मापांची: १२९०, १५७०, १७७९ आणि १९६२ सीसी. मॉडेलांची नावं त्यावरूनच: १३००, १६००, १७५० आणि २०००. तुमच्या पैशांत नीट राखलेली १३०० ज्युनियर किंवा नशीब असेल तर १६०० ज्युनियर बसते. त्या रकमेत कोणी २००० जीटीव्ही देत असेल तर ती स्वस्त का आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा पत्र्याखाली असतं. माझं मत विचाराल तर चांगल्या पत्र्याची १३०० घ्या. हे इंजिन फिरवून घेण्यात मजा आहे, आणि सव्वा लिटरच्या आसपासचं आहे म्हणून ते मरतुकडं नाही.

आता मुख्य मुद्दा. या गाडीत इंजिन विकत घ्यायचं नसतं, पत्रा विकत घ्यायचा असतो. इंजिनाचं पूर्ण काम किती खर्चाचं, हे आधी सांगता येतं. गंजाचं सांगता येत नाही, कारण पॅनेल कापल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नाही.

सगळ्यात आधी दाराखालच्या सिल बघा. त्या तीन थरांच्या आहेत: बाहेरचा, मधला आणि आतला पत्रा. गाडीची ताकद मधल्या थरात आहे. विकणारे बरेचदा बाहेरच्या थरावर नवा पत्रा वेल्ड करून रंग मारतात आणि आतला कुजका थर तसाच राहतो. ओळखायची सोपी पद्धत अशी: जॅकच्या जागी जॅक लावा आणि ती बाजू सावकाश उचला. दार आणि मागच्या पॅनेलमधली फट कमी-जास्त झाली किंवा दार अडकू लागलं तर गाडीचा कणा गेला समजा. जॅक लावताच पत्रा कचकन आत गेला तर पुढे काही बघायची गरजच नाही. विक्रेता जॅक लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

मग गालिचे उचलून फ्लोअर बघा, विशेषतः ड्रायव्हरच्या पायापाशी आणि सीटच्या पट्ट्यांभोवती. सुरुवातीच्या गाड्यांत पेडल जमिनीतून वर येतात आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असतो. पाणी-चिखल थेट त्यावर. तिथे ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. डिकीत स्टेपनीचा खोलगट भाग, रेडिएटरखालचा बंद पोकळ आडवा पत्रा, चारही चाकांच्या कमानी, पुढच्या आणि मागच्या काचेचे खालचे कोपरे, दारांच्या खालच्या कडा या पाणी साठायच्या जागा. काचेच्या कोपऱ्यातला गंज किरकोळ वाटतो, पण काच काढल्याशिवाय तो दुरुस्त होत नाही, आणि तिथून झिरपलेलं पाणी शेवटी फ्लोअरवरच येतं.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र विकत घ्या, पैसे वसूल होतात. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेली गाडी २५० ते ४०० दाखवते, त्यात गैर काही नाही. १००० च्या वर आकडा गेला की खाली पुट्टी आहे. जोडीला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा. चाकांच्या कमानींवर ते घसरून पडलं तर यंत्र काढायचीही गरज नाही.

रंगाचंच आणखी एक. निम्म्या गाड्या आज लाल दिसतात, कारण लाल लवकर विकली जाते. मूळ रंग डिकीतल्या अस्तराखाली किंवा डॅशबोर्डच्या मागे सापडतो. मुळात जाल्लो ओक्रा (पिवळा) किंवा ब्लू ओलान्देसे (निळा) असलेली गाडी कोणी लाल केली असेल तर मला ते पटत नाही, पण पत्रा चांगला असेल तर त्यावरून सौदा मोडू नका.

इंजिन तपासायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी थंड हवी. बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, आणि तेलाच्या झाकणाखाली पिवळट मलई जमली आहे का, ते बघा. या इंजिनाची ओळखीची दुखणी हेड गॅस्केटची. गॅस्केटसोबत तेलाच्या मार्गांभोवती वेगळ्या रबरी रिंगा असतात. त्या कडक झाल्या की तेल पाण्यात किंवा बाहेर येतं. दुरुस्ती ठरलेली आहे, पण एक काळजी घ्यावी लागते. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळकांडी, ओले आहेत, म्हणजे त्यांच्याभोवती थेट पाणी फिरतं. हेड काढल्यावर लायनर दाबून न ठेवता कोणी क्रँक फिरवला तर लायनर जागचे हलतात, त्यांची खालची सील सुटते आणि पाणी थेट तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. म्हणून नुकतंच हेड काढलं असेल तर काम कोणी केलं, बिल आहे का, हे विचारा. अँटीफ्रीझ न घालता वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलं असेल तर हेड स्टडवर असं चिकटतं की ते काढण्यातच दोन दिवस जातात.

इंजिन गरम झाल्यावर ३००० फेऱ्यांना तेलाचा दाब ३.५ ते ५ बार असावा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजले आहेत. सतत निळा धूर म्हणजे पिस्टन रिंग. पुढून खडखड येत असेल तर आधी टायमिंग चेनचा ताण तपासा. तो हेडच्या पुढच्या बाजूच्या बोल्टने जमवता येतो, त्यामुळे इंजिन उघडण्याआधी तेवढं करून बघा. आयडलिंग वर-खाली होत असेल तर बहुधा कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबरी माउंटला चिरा गेल्या आहेत. तिथून जादा हवा आत जाते आणि मिश्रण पातळ होतं. विक्रेते मात्र सांगतात, ‘वेबर कार्ब्युरेटर आहेत, असंच चालतं.’ नाही, असं चालत नाही.

गिअरबॉक्सचा दुसरा गिअर हा या गाडीचा जगजाहीर कच्चा दुवा आहे. थंड असताना दुसरा टाकताना किंचित करकरला तर सौद्यातून थोडे पैसे कापा. गरम झाल्यावरही करकरत असेल तर सिंक्रो रिंगा गेल्या, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच सोडताच मागून ठक आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा रबरी कपलिंग किंवा मधल्या बेअरिंगचं रबर. ते काम स्वस्तातलं आहे, पण कपलिंग तुटेपर्यंत गाडी चालवू नका, सुटलेला शाफ्ट फ्लोअर फाडतो.

इंजिन त्याच गाडीचं आहे का, हे क्रमांकाच्या सुरुवातीवरून कळतं: १३०० ज्युनियरला एआर ००५३०, १७५० ला एआर ००५४८, २००० ला एआर ००५१२. ज्युनियरमध्ये २००० चं इंजिन टाकणं हा जुना उद्योग आहे. गाडी पळते छान, पण लिब्रेत्तोवर, म्हणजे नोंदणी पुस्तिकेवर, इंजिनाचा प्रकार वेगळा असेल तर तपासणीच्या वेळी अडचण तुमची. चॅसी क्रमांक इंजिन खोलीच्या मागच्या भिंतीवर ठोकलेला असतो. त्याच्या आजूबाजूला वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा. कोणी जीटीए, म्हणजे या कूपेची शर्यतीची आवृत्ती, म्हणून गाडी दाखवली तर नकली आहे असं धरूनच चाला. १९६५ ची खरी जीटीए अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लगची असते, आणि ती तुमच्या बजेटच्या कित्येक पट महाग असते.

कागदपत्रांत लिब्रेत्तोवर थांबू नका. नंबर प्लेटवरून पीआरएचा, म्हणजे सरकारी वाहन नोंदवहीचा, उतारा काढा. मालक कोण, गाडीवर बोजा आहे का, थकीत करापोटी ‘फेर्मो’ लागला आहे का, हे त्यात दिसतं. फेर्मो असलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. एएसआयशी, म्हणजे इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या संघटनेशी, संलग्न क्लबाचं सभासदत्व घ्या, त्यांच्यामार्फत ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र आणि जुन्या गाड्यांचा स्वस्त विमा मिळतो. इटलीत ३० वर्षांवरच्या गाडीला वार्षिक मालकी कर नाही, पण दर दोन वर्षांची तपासणी चुकत नाही. शहरात प्रदूषण क्षेत्राचे नियम असतात. जुन्या गाड्यांना तूरीनमध्ये काय सवलत आहे, ते गाडी घेण्याआधीच पालिकेकडे विचारा.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात चकाकी करत बसू नका. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर खातं आणि या गाड्या जळण्याचं ते एक मुख्य कारण आहे. ब्रेकचे होज, ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल (२० डब्ल्यू ५०) बदला. टायरवर चार अंकी तारीख असते, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. आठ-दहा वर्षांचे टायर खाच कितीही खोल असली तरी काढून टाका. हिवाळ्यात दर रविवारी पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करायची सवय अनेकांना असते. त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तेलात ओल राहते. एक तर ३० किलोमीटर चालवा, नाहीतर बॅटरीला चार्जर लावून तशीच ठेवा.

मिल्ले मिल्याबद्दल. मूळ शर्यत १९२७ ते १९५७ चालली. १९५७ साली ग्विदिझ्झोलोजवळ स्पॅनिश चालक दे पोर्तागोची फेरारी प्रेक्षकांत घुसली आणि शर्यत कायमची बंद झाली. आजच्या पुनरुज्जीवित फेरीत त्या काळात शर्यतीत उतरलेल्या मॉडेललाच जागा मिळते, त्यामुळे १९६३ नंतरची ही कूपे बसत नाही. तिथेच जायचं असेल तर १९५४ ची जुलिएत्ता स्प्रिंट शोधावी लागेल, आणि तो वेगळा हिशोब आहे. तुम्हाला खरा आनंद स्थानिक क्लबांच्या मेळाव्यांत मिळेल. तिथल्या नियमितता स्पर्धेत वेगाला गुण नसतात. रस्त्यावरच्या रबरी नळीवरून ठरलेल्या सेकंदाला जायचं, चूक शतांश सेकंदांत मोजतात. शेजारी बसणाऱ्याला स्टॉपवॉच नीट वापरता आलं पाहिजे. सुटे भाग बघायला ऑक्टोबरअखेर बोलोन्याचं मोठं प्रदर्शन आहे, आणि आरेसेचं अल्फाचं संग्रहालय तूरीनहून एका दिवसात होतं.

पुण्याला नेण्याचं उत्तर आता सरळ ‘नाही’ असं राहिलेलं नाही. साध्या वापरलेल्या गाडीला तीन वर्षांची वयोमर्यादा आणि उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची अट आहे, पण जुन्या गाड्यांच्या आयातीची सवलत, जी पूर्वी १९५० आधीच्या गाड्यांपुरतीच होती, ती २०२५ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना मिळते. तो खटाटोप नको असेल तर परतताना ती इटलीतच विका, चांगल्या पत्र्याला गिऱ्हाईक मिळतंच. महाराष्ट्रात जुनी इटालियन गाडी हवीच असेल तर कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात बनलेली फियाट ११०० शोधा. ५० वर्षांवरची आणि मूळ रूपातली असेल तर २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. मात्र त्या क्रमांकावर रोज ऑफिसला जाता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि देखभालीपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.