वाद्यवृंद: तुमचे प्रश्न

प्रश्न : सर, माझा अकरावीतला मुलगा गिटार शिकतो. सध्या दिवसभर अर्नेस्ट रँग्लिन नावाच्या जमैकन वादकाला ऐकतो आणि त्याला 'स्मूथ जॅझ' म्हणतो. आम्हाला जमैका म्हटलं की बॉब मार्लीच ठाऊक. या गृहस्थांनी नेमकं काय केलं?
– एक आई, सातपूर, नाशिक

उत्तर : ताई, चिरंजीवांचा कान चांगला आहे. 'स्मूथ' हे लेबल मात्र मला तोकडं वाटतं. रँग्लिन गोड वाजवतात हे खरं, पण त्या गोडव्याखाली ताल सतत टोचत असतो.

जन्म १९३२चा, जमैकातल्या मँचेस्टर परगण्यातला. घरात काका-मामांची गिटार आणि युकुलेली होती. मंडळी बाहेर गेली की हा पोरगा ती हातात घ्यायचा. चार्ली ख्रिश्चन या अमेरिकन जॅझ गिटारवादकाच्या रेकॉर्ड ऐकत स्वतःच शिकला आणि मिसरूड फुटायच्या वयात हॉटेलांतल्या वाद्यवृंदांत वाजवू लागला. इथे मला फार जवळीक वाटते. मीही गणपतीत पंचवटी ते नाशिकरोड ऑर्केस्ट्रात वाजवत फिरलो आहे; फर्माइशी गाणी वाजवून बोटं जशी तयार होतात, तशी क्लासमध्ये होत नाहीत.

पुढे स्का आला, म्हणजे मार्लीच्या रेगेच्या आधीचा जमैकातला नाचरा संगीतप्रकार. मुलाला सांगा, केहरवा मनात धरून 'धा गे ना ति, न क धि न' म्हण. पाय पडतो धा, ना, न, धि वर. गिटारचा तुटक फटका मारायचा गे, ति, क आणि शेवटच्या न वर, आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून तारा गप्प करायच्या. हा फटका रुजवणाऱ्यांत रँग्लिन अगदी पुढे होते. वेलर्सच्या, म्हणजे मार्लीच्याच कंपूच्या, सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्येही त्यांची गिटार आहे. १९६४ साली लंडनमध्ये मिली स्मॉल या जमैकन गायिकेच्या 'माय बॉय लॉलीपॉप' या गाण्याचं संगीत संयोजन त्यांनी केलं. गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पोस्टरवर चेहरा अर्थात मिलीचा. अरेंजरचं नाव लोकांना कुठे माहीत असतं? आपल्या हिंदी सिनेमातल्या अरेंजरांची तरी किती नावं घेता येतील तुम्हाला? त्याच वर्षी लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात ते जॅझ वाजवत होते, म्हणजे एकीकडे पोरासोरांचं नाचगाणं आणि दुसरीकडे कान टवकारून बसणारे दर्दी.

स्वतःच्या नावाने दुनियाभर ऐकले गेले ते उतारवयात. 'बिलो द बेसलाइन' हा अल्बम १९९६चा. तेव्हा वय चौसष्टच्या आसपास. त्यात पियानोवर जमैकाचेच माँटी अलेक्झांडर आहेत आणि रेगेच्या जुन्या चाली जॅझच्या अंगाने उलगडल्या आहेत. दोन वर्षांनी सेनेगलचे गायक बाबा माल यांच्यासोबत 'इन सर्च ऑफ द लॉस्ट रिडिम' आला.

मुलाने आधी 'बिलो द बेसलाइन' ऐकावा, तोही मोबाइलच्या स्पीकरवर नको, कारण त्यावर बेस ऐकूच येत नाही. आणि सोलो उचलण्याआधी वर सांगितलेला फटका मेट्रोनोमवर, म्हणजे लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर, हळू लयीत बसवावा. शेजाऱ्यांना आठवडाभर त्रास होईल, त्याला इलाज नाही.