कॅफेत हा विदूषक काय करतोय?

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या ‘स्वार ब्ल’ (म्हणजे निळी सांज, १९१४) या चित्रात पॅरिसच्या भर कॅफेत पांढराफटक विदूषक का, हे नाटकातलं दृश्य आहे का, असं तुम्ही विचारलंय.

ठरावीक नाटकातलं नाही. पण मांडणी पाहा: मागे कठडा, वर कागदी कंदील, आणि सहा फूट रुंद कॅनव्हासवर सात माणसं रंगमंचावर बसवावीत तशी बसवलेली. हॉपर पॅरिसला शेवटचा गेला तो १९१० मध्ये. हे चित्र त्याने चार वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये बसून काढलं. त्यामुळे माणसांपेक्षा पात्रंच जास्त वाटतात.

विदूषक म्हणजे सर्कशीतला जोकर नव्हे. हा पिएरो, इटालियन लोकनाट्यातून फ्रान्समध्ये रुळलेला, प्रेमात कायम हरणारा. इथे तो खेळ आटोपून तोंडाचा रंगही न पुसता सिगरेट ओढत बसलाय. आता त्याच्यामागे उभी असलेली बाई बघा. गालांवर, ओठांवर तसाच भडक रंग. डावीकडे खांबापलीकडे एकटा बसलेला माणूस कोण, हे हॉपरच्याच एका कच्च्या रेखाटनाच्या नावावरून कळतं: वेश्यांचा दलाल. मग बाईचाही उलगडा होतो. रंग फासून पोट भरणारे दोघे, आणि उजवीकडे नटूनथटून आलेलं श्रीमंत जोडपं. बोलत मात्र कुणीच कुणाशी नाही. मला विचाराल तर चित्राचं गूढ विदूषकात नाही, या अबोल्यात आहे.

१९१५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकडॉवेल क्लबात ते लागलं. समीक्षकांनी सोबत लावलेल्या त्याच्याच दुसऱ्या, न्यूयॉर्कमधल्या रस्त्याच्या चित्राचं कौतुक केलं, याला नाकं मुरडली. हॉपरने ते पुन्हा कधी प्रदर्शनात मांडलं नाही. आज ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे, तेही त्याच्या बायकोने, जोने, सगळा संग्रह त्यांच्या नावे केला म्हणून.

पिएरो म्हणजे खुद्द हॉपर, असं काहीजण म्हणतात. मला हे आधी ओढूनताणून वाटायचं. पण त्याचं शेवटचं चित्र, १९६६ चं, जरूर शोधा. अंधाऱ्या रंगमंचाच्या कडेला पांढऱ्या वेषातले दोन नट प्रेक्षकांचा निरोप घेतायत. एक हॉपर, दुसरी त्याची बायको जो.