गावच्या जत्रेसाठी स्वतः विनोदी नाटक लिहून बसवतोय. संवाद मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

मालवणीतच लिहा, पण शब्द न् शब्द आधी पक्का करू नका. सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाचा कान दशावतारावर तयार झालेला असतो, आणि त्यात परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक ठरतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आमच्या वाडीची नाटकं बसवताना मी प्रवेशाचा शेवट आणि हशाचं वाक्य तेवढं लिहून देतो, मधलं तालमीत नटांकडून काढतो. ‘मी तुला सांगितलं होतं’वर कोणी हलत नाही; ‘तुका सांगलंय मा मिया!’ म्हटलं की अख्खं अंगण हसतं. हशा ओसरेपर्यंत थांबायला मात्र नटांना शिकवा, नाहीतर पुढचं वाक्य बुडतं. जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्यामुळे तालमीत सापडलेलं शेवटी कागदावर उतरवाच.