मॅटर्निटी कपड्यांच्या ब्रँडचं नाव: तुमच्या तीन नावांबद्दल

ताई, तुम्ही नाशिकला घरातूनच गरोदर आणि बाळंतीण बायकांसाठी कुर्ते, गाऊन शिवायला घेताय आणि नावं तीन काढलीत: 'मातृत्व', 'बंप स्टुडिओ' आणि 'डोहाळे'. यातलं कुठलं ठेवू, असं विचारलंत. मी अकरा वर्षं हेच काम करतेय. खरं सांगायचं तर तिन्ही ठेवू नयेत असं मला वाटतं. का, ते सविस्तर सांगते, म्हणजे चौथं नाव शोधताना उपयोगी पडेल.

'मातृत्व' म्हटलं की आधी दवाखाना आठवतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, त्या अभियानाच्या नावातच 'सुरक्षित मातृत्व' आहे. शिवाय प्रसूतिगृहांच्या पाट्या आहेत, गर्भसंस्काराचे वर्ग आहेत. शब्द मोठा आहे, पण कुर्ता घ्यायला आलेल्या बाईला त्यात कापड दिसत नाही, स्टेथोस्कोप दिसतो. 'बंप स्टुडिओ' हे फोटो काढणाऱ्याचं नाव वाटतं. हल्ली सातव्या-आठव्या महिन्यात फोटोशूट करतातच, त्यामुळे तुम्हाला अर्धे फोन 'पॅकेज कितीचं?' असे येतील.

'डोहाळे' माझ्याही आवडीचा शब्द. पण तो शोधून बघा, समोर काय येतं? फुलांचे दागिने, झोपाळ्याची सजावट, डोहाळजेवणाची गाणी, जेवणाचे केटरर. या गर्दीत तुमचा कुर्ता सापडायचा नाही. दुसरी अडचण 'ळ'ची. रोमन लिपीत 'ळ' आणि 'ल' एकच होतात. इंदूरची किंवा सुरतची गिऱ्हाईक ते 'दोहाले' वाचेल आणि तिला त्याचा काहीच अर्थ लागणार नाही. इन्स्टाग्रामवर हँडल, म्हणजे खात्याचा पत्ता, रोमनमध्येच टाकावं लागतं, म्हणून 'ळ', 'ण', 'ज्ञ' असलेली नावं मी टाळायला सांगते. आणखी एक, 'मामा' हा शब्द इंग्रजी नावांत सर्रास दिसतो, तो तर अजिबात घेऊ नका. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ.

आता ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले ते सांगते. आमच्या पहिल्या नावात 'आई' होतं. ते नाव आम्ही पाकिटावर ठळक छापायचो. एका गिऱ्हाइकेचं पार्सल तिच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर गेलं. तिला तिसरा महिना चालू होता, अजून सासरीही सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. तिचा फोन आला तेव्हा ती रागावलेली नव्हती, रडत होती. पहिले तीन महिने बातमी झाकून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे आणि जुने कपडे घट्ट व्हायला नेमके तेव्हाच लागतात. म्हणजे पहिली खरेदी गुपचूप होते. आपलं नावच जर ते गुपित फोडत असेल, तर त्या बाईने आपल्याकडून का घ्यावं?

दुसरा प्रसंग त्याहून जड आहे. एका मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. काही महिन्यांनी तिने लिहिलं, तुमचे दोन कुर्ते अंगाला फार बरे वाटतात, अजूनही घालते, फक्त गळ्याचं लेबल मी कात्रीने कापून टाकलंय. त्या रात्री मी नाव बदलायचं ठरवलं. हजार विणलेली लेबलं पडून होती, ती तशीच टाकली.

म्हणून माझं मत असं, की नाव पोटावरून नको, बाळावरूनही नको, ते त्या बाईचं असू द्या. ती कुर्ता पाचव्या महिन्यात घालते, बाळंत झाल्यावर अंगावर पाजतानाही घालते, आणि शिवण चांगली असेल तर मूल शाळेत जायला लागलं तरी घालते. नावाने तिला इतकी वर्षं साथ द्यायला हवी.

कायद्याचंही तेच सांगणं निघतं, कारण वेगळं असलं तरी. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा, १९९९ च्या कलम ९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहसा नोंदवून मिळत नाही. 'आई' आणि 'वस्त्र' यांची जोड करून आम्ही अर्ज केला, त्यावर हाच आक्षेप आला. आक्षेपाला उत्तर द्यायला एक महिना मिळतो. आम्ही उत्तर दिलं, पण उपयोग झाला नाही. लोगो काढून तो नोंदवता येतो, पण मग संरक्षण त्या चित्राला मिळतं, त्यातला साधा शब्द तुमच्या एकटीचा होत नाही. 'मातृत्व' घेतलंत तर तुम्हालाही हीच अडचण येईल.

नोंदणीसाठी माल आणि सेवांचे वर्ग पाडलेले आहेत. कपडे वर्ग २५ मध्ये येतात, दुकान किंवा ऑनलाइन विक्रीची सेवा वर्ग ३५ मध्ये. पुढेमागे पोटाला आधार देणारा पट्टा विकणार असाल तर तो वर्ग १० मध्ये जातो, कपड्यांत नाही. एकटीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षांची असते, नंतर नूतनीकरण करता येतं. सुरुवातीला फक्त २५ केलात तरी चालेल. अर्जाआधी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट शोध घेता येतो. तिथे अक्षरांचा शोध घ्याच, पण उच्चाराचा शोधही घ्या, कारण स्पेलिंग वेगळं आणि उच्चार तोच असला तरी हरकत येते. आणि नाव त्या कार्यालयाच्या जर्नलमध्ये, म्हणजे जाहीर पत्रिकेत, छापल्यावर ४ महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. नोंदणी होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहा. वर्तुळातला 'आर' ही नोंदणी झाल्याची खूण, ती आधीच लावायला कायद्याने मनाई आहे. या नावाने फाडलेलं पहिलं बिल जपून ठेवा, आधीपासून वापर असल्याचा तो पुरावा असतो.

मग नाव कसलं? मी डोहाळ्यांच्या आसपास शोधते, पण तो शब्द न वापरता. चिंच, आवळा, आमसूल, कैरी. मराठी बाईला सांगावं लागत नाही, तिच्या तोंडाला लगेच पाणी सुटतं. बाकीच्यांना पार्सलवर नुसतं फळ दिसतं. कुर्त्याचं वर्णन त्यात कुठेच नाही, म्हणून कलम ९ चा त्रासही कमी. 'कैरी' मला विशेष आवडतं: हिंदीतही समजतं, 'ळ' नाही, अक्षरं दोनच. मात्र इंग्रजी कान ते 'कॅरी' ऐकेल आणि तसंच लिहील, शिवाय फळांची नावं कपडेवाल्यांनी बरीच घेतलेली असतात, म्हणून शोध बारकाईने घ्या. दुसरी वाट सैलपणाची: 'ऐसपैस', 'निवांत'. 'ऐसपैस' म्हणताना अंग सैल सोडल्यासारखं वाटतं, आणि नेमकं तेच तर आपण शिवतो. लांब नाव मात्र नको. लेबल मोठं झालं की मानेला टोचतं, आणि या दिवसांत कातडी फार हळवी असते. जमलं तर गळ्याला कापडी लेबल लावूच नका, आतून छाप मारा.

दोन-तीन नावं उरली की आत्याला किंवा मावशीला फोन करा, नाव एकदाच उच्चारा आणि त्यांना मराठीत व रोमनमध्ये लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा. पाच जणींत चौघींनी सारखं लिहिलं तर ते नाव पक्कं धरा. मग वर्ग २५ मधला शोध, मग हँडल, आणि लेबलांची ऑर्डर सगळ्यात शेवटी. तोवर शंभर साधे स्टिकर छापून काम चालवा. शोधात काय निघालं ते इथे लिहा. 'कैरी'सारखा उच्चार आधीच कुणी घेतलेला असेल तर पुढचं नाव आपण मिळून बघू.