आपली माणसं कुठे शोधायची

प्रिय मनू,

काल तू विचारलंस की वर्गातल्या मुलीचा फॅमिली ट्री 1700 पर्यंत जातो, मग आपला पणजोबांपाशीच का थांबतो, त्याआधी आपलं कुणी नव्हतंच का. होते गं, तिथंच तासगावकडं शेती करत होते. इथं इंग्लंडमध्ये 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहायला लागले म्हणून तिला ते मिळालं. आपल्याकडं जमिनीची नोंद जास्त जपली, त्यामुळं शोध पण जमिनीपासूनच धरायचा.

काकाला सातबारा काढायला सांगितलाय. त्यावरच्या फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) नंबरावरून मागं मागं जायचं, कारण कुणी वारलं की वारस लागतात आणि त्या फेरफारात मुलांची नावं सापडतात. जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावातली जुनी नोंदवही. फार जुनं सगळं मोडी लिपीत, ते वाचायला जाणकार लागतो. आणि हो, आपला जिल्हा 1949 ला दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, सांगली हे नाव 1960 ला मिळालं, म्हणजे त्याआधीच्या कागदावर गावापुढं जिल्हा सातारा किंवा दक्षिण सातारा असेल, तो कागद आपला नाही म्हणून बाजूला ठेवू नको.

पण मला सगळ्यात भरवसा हेळव्यांचा वाटतो. मी लहान असताना सुगी झाली की हेळवी बैल घेऊन दारात यायचे, ओसरीवर बसून जाडजूड चोपडी उघडायचे आणि आपल्या घराण्याच्या पिढ्या एका दमात म्हणायचे, मूळ गाव कुठलं, कोण कुठं जाऊन राहिला ते सुद्धा. मग घरात नवीन जन्मलेल्या पोरांची नावं विचारून त्याच चोपडीत लिहायचे, आजी सुपातनं ज्वारी घालायची. ते अजून गावात येतात का, काकाला विचारतो.

मला सलतं ते एकच, या सगळ्यात बायका फार कमी सापडतात. श्राद्धाला आई, आजी, पणजीचं नाव घेतात, पण ते सासरचं, माहेर कुठलं ते कुठंच नाही. ते फक्त म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं, आणि आजी आता थकलीये गं. म्हणून रविवारी फोन केलास की आधी तिच्या आईचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं गाव आणि कुलदैवत विचार, कॉल रेकॉर्ड कर, ट्री नंतर काढू.

तुझा बाबा