स्टेम सेल उपचारांचे फायदे-तोटे काय? वडिलांच्या डोळ्यांसाठी हा उपाय करावा का?

प्रश्न फायद्या-तोट्यांचा असला, तरी खाली तुम्ही लिहिलंय की वडिलांना मॅक्युलर डिजनरेशन (डोळ्यातल्या दृष्टिपटलाचा, म्हणजे रेटिनाचा, मधला भाग झिजण्याचा आजार) आहे आणि पोटाच्या चरबीतून काढलेल्या स्टेम सेल (विभागत राहून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) डोळ्यांत सोडायला एक क्लिनिक तयार आहे. म्हणून आधी डोळ्यांबद्दलच लिहिते. (मी पेशीजीवशास्त्र शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही.)

मार्च २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात याच आजारावरचे दोन अहवाल लागोपाठ आले. पहिला जपानचा. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका वयस्कर बाईंच्या त्वचेच्या पेशींना प्रयोगशाळेत स्टेम सेलच्या अवस्थेत नेलं, त्यांच्यापासून दृष्टिपटलाखालचा थर वाढवला आणि २०१४ मध्ये तो एकाच डोळ्यात बसवला. वर्षभरानंतर नजर सुधारली नव्हती, पण ढासळलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींमध्ये जनुकीय बदल दिसताच त्यांनी ती शस्त्रक्रिया केलीच नाही. दुसरा अहवाल अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा. तीन वृद्ध स्त्रिया, पोटाची चरबी, एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत इंजेक्शन, तेही पैसे घेऊन. रक्तस्राव झाला, दृष्टिपटल सुटलं, तिघींचीही नजर फार मोठ्या प्रमाणात गेली. तुम्हाला सुचवलेला उपाय या दुसऱ्या जातीचा आहे, हे उघड आहे.

मग स्टेम सेलचा खात्रीचा फायदा कुठे? रक्तात. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि थॅलेसेमियासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट (अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) कित्येक वर्षं होतंय. त्या कामासाठी डोनल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. तिथे या पेशी शिरेतून दिल्या की आपणहून मज्जेत पोचतात आणि जन्मभर करत आल्या तेच काम पुढे करतात. चरबीतल्या पेशीकडून दृष्टिपटलाची अपेक्षा करणं ही निराळीच गोष्ट. अर्थात रक्तातही किंमत मोजावी लागते. आधी जबर केमोथेरपी, आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्याच त्वचेवर, आतड्यांवर उलटू शकतात. गंमत म्हणजे ल्युकेमियात हाच हल्ला उरल्यासुरल्या कर्करोगाच्या पेशीही मारतो. २०२३ च्या अखेरीस सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रुग्णाच्याच पेशींच्या जनुकांत बदल करण्याच्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. दात्याची गरज संपली, केमोथेरपीची नाही.

संशोधनाकडे पाहिलं तर १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून स्टेम सेल वेगळ्या केल्या आणि भ्रूण नष्ट करण्यावरून मोठा वाद पेटला. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या साध्या पेशी मागे फिरवून स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या, तेव्हा त्या वादाची धार बरीच बोथट झाली. पण त्यांनी वापरलेल्या चार जनुकांपैकी एक कर्करोगाशी जोडलेलं होतं. सतत विभागत राहण्याची ताकद हाच या पेशींचा गुण आणि गाठ होण्याचा धोकाही त्यातूनच. मला विचाराल तर आजवरचा मोठा लाभ इंजेक्शनात नाहीच. रुग्णाच्या पेशींपासून त्याचा आजार प्रयोगशाळेत वाढवून त्यावर औषधं तपासता येतात, तो आहे.

क्लिनिकला तीनच गोष्टी विचारा: ही नोंदणी झालेली वैद्यकीय चाचणी (क्लिनिकल ट्रायल) आहे का, असेल तर पैसे रुग्णाकडून का, आणि दोन्ही डोळे एकदम का? त्याआधी दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाकडून आजार कोरडा की ओला (म्हणजे दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून पाझरणारा) ते ठरवून घ्या. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची अँटी-व्हीईजीएफ (या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी) इंजेक्शनं उपलब्ध आहेत आणि ती उशिरा सुरू केली तर गेलेली नजर सहसा परत येत नाही.